पुंडलिकाची धामण आणि माझा काटा

कापसाच्या जीनमध्ये चार हंगाम काढलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. रुई जशी कितीही झटकली तरी मिशीत, कानात, टोपीच्या घडीत बसलेलीच असते, तसे तेही आपोआप चिकटतात. पानाचा डबा उघडला, मंडळी बसली, की एकेक निघायला लागतो. माझं तर विचारूच नका, कारण मी काट्यावर, म्हणजे कापूस तोलायला होतो. काटेवाल्यानं कुणावरही विश्वास ठेवायचा नाही, हीच त्याची नोकरी!

मी मूळचा अमरावतीचा. मूर्तिजापूरजवळच्या एका जीनमध्ये लागलो, तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि इंग्रजाचं राज्य होतं. वजन वाढावं म्हणून गाडीवान कापसावर पाणी मारून आणायचे, खाली दगड दडवायचे, आणि मी ते पकडायचो. सवय इतकी अंगात मुरली की घरी ताटात आलेली भाकरही मी उलटी करून पाहायचो. बायको म्हणायची, "खाली दगड नाही हो, खा!"

पण आज सांगतो ते कापसाचं नाही. एका धामणीचं आहे.

* * *

कापसातून रुई काढली की उरते ती सरकी. म्हशींचा खुराक तो, आणि उंदरांचाही. गोदामात सोमलाचं विष टाकावं तर उंदरांआधी म्हशी मरायच्या. म्हणून आमच्याकडे उंदरांचा बंदोबस्त एका धामणीकडे होता. बिनविषारी, पिवळसर, चांगली पाच हात लांब. चौकीदार पुंडलिकानं ती पिलू असताना आणून वाढवली होती. नाव ठेवलं होतं सगुणी. पुंडलिकाची बायको वारलेली, एकुलती लेक दर्यापूरकडं दिलेली. दिवसभर तो सगुणीशीच बोलायचा. "बापू," मला म्हणायचा, "माह्या घरचं मानूस आता हेच. उलटून बोलत नाई."

पावसाळ्यात जीन बंद असतं. एका वर्षी आषाढात लेकीचं बाळंतपण आलं आणि पुंडलिक तीन महिन्यांसाठी दर्यापूरकडं गेला. बदलीवर वामन नावाचा गडी ठेवला. कुणी सगुणीला काठी घालू नये म्हणून पुंडलिकानं तिला गोदामात कोंडलं आणि वामनाला बजावलं, "रोज एक वाटी दूध ठेवत जाय. साप दुधावरच जगते. नागपंचमीले सारं गाव पाजते, थे का खोटं हाय?"

कुणालाच खोटं वाटलं नाही. मलाही नाही! एकच गोष्ट आम्ही सगळे विसरलो. हंगाम संपल्यावर गोदाम धुऊनपुसून रिकामं केलेलं होतं. सरकी नाही म्हणून उंदीर नाही, आणि दार बंद म्हणून बेडूकही नाही.

दसऱ्याला पुंडलिक परतला. कुलूप काढलं तर सगुणी कोपऱ्यात दोरीसारखी पडलेली. जीव तेवढा उरलेला, पाठीचा कणा वर आलेला, दोन्ही बाजूंनी कातडी लोंबलेली. पुंडलिक मटकन खाली बसला आणि हमसून हमसून रडला हो! मी पाहिलं आहे.

मग पुंडलिकानं वामनाला धरून माझ्यासमोर आणलं. "दूध देल्लं का रे?"

"रोज देल्लं, बापू! आईची आन! सकाळी वाटी ठेवो अन् संध्याकाळी रिकामी. चाटूनपुसून साफ!"

साप वाटी चाटतो का, हा प्रश्न मला तिथंच पडला. मी वामनाकडे नीट पाहिलं. कामावर लागला तेव्हा पोट खपाटीला गेलेला गडी, आता गालांवर चमक होती! गोदामाच्या आवारात तीन महिने दोनच जीव होते. एक वाळला, एक सुटला.

"वामन," म्हटलं, "तुझं वजन करू का?"

"काहून? मी का कापूस व्हय?" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर आलाच नाही.

* * *

त्याच हंगामाला नवे मॅनेजर आले. शिस्तीचा माणूस, बोलणं मोजकं. गोदाम पाहताना त्यांना सगुणी दिसली. "हे काय आहे?"

"उंदरांचा बंदोबस्त, साहेब," मी म्हटलं.

"ही? हिला उंदीरच खातील." साहेबांचं काही चूक नव्हतं. सरकीवर पोसलेल्या घुशी म्हणजे मांजराला भारी! साहेब म्हणाले, "अकोल्याला मुंगसाची जोडी मिळते. मी मागवून घेतो."

पुंडलिकानं त्यांचे पायच धरले. मुंगूस आलं म्हणजे सगुणीचा निकाल लागला, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "भरते थे, साहेब. मले थोडा येळ द्या. माह्या हातानं उपाशी मेली तं मले अन्न गोड लागनार नाई."

साहेबांनी मला विचारलं, "धडधाकट धामण किती भरते?"

आणि माझ्या जिभेला काय घाई झाली होती कोण जाणे! म्हटलं, "दोन शेर तरी." लगेच लहान तराजू आणवला. सगुणी शेरालाही छटाकभर कमी भरली.

"होळीच्या आदल्या दिवशी दोन शेर," साहेब म्हणाले. "छटाकभर कमी असेल तर मुंगूस. वजन बापूराव करतील."

पुंडलिक उठला. माझ्याकडे खालून वर पाहिलं. "साऱ्या जीनमंधी तोलाले दुसरी मानसंच नवती का?" एवढंच म्हणाला.

* * *

अकोल्याला ढोरांचा दवाखाना होता. आम्ही दोघं सगुणीला टोपलीत घालून, वर फडकं बांधून, आगगाडीत बसलो. पुंडलिक मला टोपलीला हात लावू देईना. त्या दुधाच्या प्रकरणापासून त्याचा माणसावरचा विश्वासच उडाला होता.

तिकीट तपासायला टीसी आला. टोपली मांडीवर, त्यावर दोन्ही हात, हे पाहून त्याला वाटलं, चोरीचा माल. "त्यात काय आहे?"

"बिमार हाय."

"कोण बिमार आहे?"

"घरचंच मानूस हाय."

टोपलीत घरचं माणूस! टीसीचे डोळे बारीक झाले. त्यानं फडक्याचं टोक उचललं, आत पाहिलं आणि हळूच परत जसंच्या तसं ठेवलं. दोन पावलं मागं सरून विचारतो, "चावते का?"

पुंडलिक म्हणाला, "मले नाई चावत. तुमची अन् तिची वळख नाई."

अकोल्यापर्यंत आख्खा डबा आमचा! मधल्या स्टेशनावर लोक चढायला लागले तर टीसीच दारात उभा राहून ओरडत होता, "पुढं जा, पुढं जा, इथं सोय नाही!"

* * *

दवाखान्यातले डॉक्टर बैलांचे आणि घोड्यांचे. टोपली उघडल्याबरोबर ते मेजाच्या पलीकडे गेले आणि शेवटपर्यंत पलीकडेच राहिले. पण माणूस अभ्यासू होता. सवयीनं म्हणाले, "जीभ पाहू."

सगुणीनं ताबडतोब काढून दाखवली. चारचारदा! इतका आज्ञाधारक रोगी त्या दवाखान्यात आला नसेल.

"खायला काय देत होता?"

"दूध."

"कुणी सांगितलं?"

"साऱ्यायनंच," पुंडलिक म्हणाला.

डॉक्टर तापले. "अरे, बैलाला मटण घालशील का? सापाला दूध पचत नाही! तहानेनं मरायला टेकलेला साप वाटीत तोंड घालतो, आणि आपण म्हणतो, प्याला!" मग त्यांनी एकेक करून सांगितलं. आधी रोज कोमट पाण्यात बसवायचं, कारण अंगातलं पाणी आटलं आहे. मग लहानसा बेडूक, तो पचला तर उंदराचं पिलू, आणि मग हळूहळू मोठा उंदीर. एकदम पोटभर दिलं तर मरेल. जागा उबदार हवी, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही.

पुंडलिकाचा चेहरा पाहवत नव्हता. "म्हंजे मीच मारून राहिलो होतो तिले," तो म्हणाला.

आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली. "अहो, नक्की बिनविषारी आहे ना ती?"

पुंडलिक म्हणाला, "आतापावतो तं हाय."

* * *

घमेल्यात कोमट पाणी, त्यात सगुणी, शेजारी उकिडवा बसून पुंडलिक तिच्याशी बोलतो आहे, हे रुई काढायच्या रेचणीवरच्या बायांनी पाहिलं आणि झालं! दोन दिवसांत गावभर उठलं की पुंडलिक सापाला न्हाऊ घालतो. आता सापाला कोण न्हाऊ घालील? ज्याला धन काढायचं तो! गोदामाखाली मोहरांचा हंडा आहे, धामण त्याची राखण करते आणि पुंडलिक तिला खूश करून राहिला आहे.

एक दिवस पोलिसाचा शिपाई चौकशीला आला. जमिनीतलं धन सरकारचं, असा दम त्यानं सगळ्यांना भरला. पुंडलिकाची झडती घेतली, त्यात चिलीम आणि बेडूक सापडला. जाताना शिपायानं मला निंबाखाली बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बापूराव, आपसातली गोष्ट हाय. किती हात खोल असन?"

मी त्याला चांगलं झापलं. शिकल्यासवरल्यासारखे वागा म्हटलं. तो गेला.

तो दिसेनासा झाल्यावर मी गोदामात गेलो आणि चारही कोपऱ्यांत टाच आपटून पाहिली. पोकळ कुठंच नव्हतं.

* * *

थंडी पडली तशी सगुणी पुन्हा मलूल झाली. उबदार जागा म्हणजे आमच्याकडे एकच, बॉयलरची खोली. तिथं खानमिस्त्रींचं राज्य. ते म्हणाले, "साँप और मैं, दोनों में से एक रहेगा इधर."

पुंडलिकानं वाद घातला नाही. सदरा काढून उघड्या पाठीनं भिंतीला टेकून बसला. घटकाभर इथं, घटकाभर तिथं. सगुणीला सोसेल अशी जागा तो स्वतःच्या पाठीनं शोधून राहिला होता. ते पाहून मिस्त्री विरघळले. स्वतःच त्यांनी विटांचा ओटा रचला आणि टोपली वर ठेवली.

पण संशय जातो का? दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बॉयलरमध्ये लाकडं टाकत होते, तर पुंडलिक धावत आला. "बापू, चला, चला! हा तिले उकडून राहिला!"

मिस्त्रींना फार लागलं. ते म्हणाले, "अरे, बीस साल से मेरी रोटी इधर गरम होती है. कभी जली?"

यावर पुंडलिकानं काय करावं? त्यांच्या डब्यातली रोटी काढून मागून पुढून पाहिली, आणि मगच परत गेला.

* * *

दर सोमवारी वजन. मी बॉयलरच्या खोलीच्या दारावर खडूनं लिहायचो. शेर. शेर आणि छटाक. पुढच्या सोमवारी तेवढंच. आणि मग एका सोमवारी एकदम पावशेर जास्त!

मी इतकी वर्षं काटा सांभाळलेला माणूस. एका आठवड्यात पावशेर कुणी वाढत नाही. "पुंडलिक, पाणी मारलंस."

"नाई, बापू!"

"घमेल्यातून काढून ओलीच आणलीस."

ओला कापूस ओळखायची आमची रीत म्हणजे गाडीत हात खुपसायचा आणि पंजाच्या मागच्या बाजूनं गारवा बघायचा. मी तेच केलं. तोवर मी तिला कधी हात लावला नव्हता. कोरडी होती. उबदार, गुळगुळीत, बोटाखाली हळूहळू सरकणारी. मग पोटाशी हाताला टणक गोळा लागला.

"सापडलं!" मी ओरडलो. "दगड घातला आहेस आत! तूसुद्धा? अरे, गाडीवान बरे!"

सगळं जीन जमलं. पुंडलिक नुसता माझ्याकडे पाहत उभा. आणि तेवढ्यात माझ्या हाताखाली तो दगड हलला. धामण उंदीर जिताच गिळते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं!

मी हात असा काढला की टोपी पडली. खानमिस्त्रींनी ती उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बापूसाब, वो कंकड़ को दुम भी होगी. देख लो."

* * *

माघात सगुणी पावणेदोन शेरांवर आली. फाल्गुन लागला तेव्हा दोन शेरांना दीड छटाक कमी होती. सगळं जीन खूश. आणि ऐन होळीच्या आठ दिवस आधी तिनं खाणं सोडलं! डोळे दुधाळ झाले, अंगाचा रंग गेला. पुंडलिकाला वाटलं, कुणीतरी विष चारलं. सगळ्यांना त्यानं विचारून झालं. मला दोनदा.

ती कात टाकत होती. कात टाकेस्तोवर साप तोंडाला काही लावत नाही. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं कात टाकली. आत नवीकोरी, चमचमती, पण पोट रिकामं! पुंडलिक ती कात हातात घेऊन माझ्याकडे आला. "बापू, हे तिचीच हाय. तिच्यासंगं तोला."

"मी पोत्यासकट कापूस तोलतो का?" मी म्हटलं.

"नाई."

"मग?"

तो कातीची घडी करून निघून गेला. मला दिवसभर काम सुचलं नाही. बोलून तर बसलो होतो, पण कोरडी कात भरून भरून किती भरली असती हो?

उन्हं कलली तेव्हा पडवीत सगळे जमले. आढ्याला तराजू टांगलेला, पारडी गुडघ्याएवढ्या उंचीवर. साहेब काठी टेकत आले आणि पारड्यांच्या मागं उभे राहिले. एका पारड्यात मी दोन शेरांची वजनं ठेवली. दुसऱ्यात पुंडलिकानं सगुणीला ठेवलं आणि हात जोडून बाजूला झाला. ओठ पुटपुटत होते.

सगुणीचं पारडं वरच राहिलं. फार नाही, दोन बोटं. पण वर ते वर.

माझ्या डाव्या हाताची करंगळी त्या पारड्याच्या काठावर कधी गेली, मला कळलं नाही. खोटं कशाला सांगू? कळलं. पारडं खाली आलं आणि मी खणखणीत आवाजात सांगितलं, "दोन शेर पूर्ण!"

माझे कान तापले होते. उभ्या जन्मात मी छटाकभर सोडलं नव्हतं. साहेब नुसतं "बरं" म्हणाले.

तेवढ्यात पुंडलिक म्हणाला, "थांबा, साहेब. मले नाई पटत."

मी त्याला डोळ्यानं खुणावलं.

"डोळे काहून मिचकावून राहिले, बापू?" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "साहेब, ह्या मानसानं आजवर कोनालेच एका दमात पूर्ण म्हटलं नाई. आज म्हनते, म्हंजे काहीतरी घोय असन. उद्या तुमीच म्हनसान, वजन खोटं होतं, आना मुंगूस. माह्यासमोर पुन्हा तोला. अन् बापू, दोन्ही हात वर करा!"

अस्सा राग आला होता मला त्याचा! सगळ्या जीनचे डोळे माझ्या हातांवर. मी चोरासारखे दोन्ही हात वर केले. पारडी डोलली. सगुणीचं पारडं वर गेलं. मी डोळे मिटले.

मुंगसाचं नाव ऐकू येईना म्हणून उघडले. पारडी एका रेषेत होती. काटा मधोमध!

माझा विश्वास बसेना. मी वाकून सगुणीच्या पारड्याच्या भोवती नजर फिरवली. मागच्या बाजूला, काठावर, साहेबांच्या काठीचं टोक टेकलेलं होतं. साहेब छपराच्या पत्र्यातली चिमणी पाहत होते.

पुंडलिकानं खाली बसून काटा डोळ्याजवळून पाहिला, या बाजूनं पाहिला, त्या बाजूनं पाहिला. मग उठून सगुणीला अलगद उचललं, गळ्याभोवती घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "हां. आता पटलं."